वहीत नसलेलं नाव

मु. कोरेवाडी, ता. खंडाळा
रविवार, २१ मे १९७८

चि. सौ. शालू हीस,

कृष्णातचा आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. तिकडे तुम्ही बरे असाल असं धरून चालतो. दाजींना नमस्कार सांग. हळदीचे सौदे यंदा उशिरा निघाले असं वर्तमानपत्रात वाचलं, म्हणजे त्यांची धावपळ अजून चालूच असेल.

तू आधी पाकीट उलटून बघशील, मग अक्षर बघशील. अक्षर माझंच आहे. घरात कोणी आजारी नाही, कुणाचं बरंवाईट झालेलं नाही. तुझ्याकडे एक काम आहे. पण ते सांगायला आधी माझ्या नोकरीचं थोडं सांगावं लागेल. तू शाळेत गणित शिकवतेस, तेव्हा जड जाणार नाही.

मी एकोणसत्तर साली लष्कराच्या सिग्नल्समधून हवालदार मेकॅनिक म्हणून सुटलो, हे तुला कुणाकडून तरी कळलं असेल. पुढच्या वर्षी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेनं टेलिप्रिंटर दुरुस्तीला घेतलं. चौऱ्याहत्तर साली तिथं कॉम्प्युटर आला. त्याला टेलिप्रिंटर जोडायचे होते म्हणून मी त्या खोलीत शिरलो, तो अजून बाहेर आलेलो नाही. सोमवारी पहिल्या एसटीनं पुणे, शनिवारी परत गाव.

तिथले डॉक्टर लोक (औषधाचे नव्हेत, विज्ञानाचे) लिस्प नावाच्या भाषेत यंत्राला कामं सांगतात. ही भाषा अमेरिकेतून टेपवर आली. तिच्यात सगळं कंसात लिहायचं. कंसात कंस, त्यात पुन्हा कंस. शेवटी सात-आठ कंस ओळीनं मिटतात. एक जरी मिटायचा राहिला, तर यंत्र तक्रार करत नाही, नुसतं वाट बघत बसतं. मला हे कुणी शिकवलेलं नाही. नव्वद पानांचं सायक्लोस्टाइल केलेलं पुस्तक होतं. पहिल्या वाचनात काही कळलं नाही. दुसऱ्यात काय काय कळत नाही ते कळलं. चौथ्या वाचनात पान सदतीसवर छापणाऱ्यांची नव्हे, लिहिणाऱ्यांची चूक सापडली. ती मी अमेरिकेला पत्र लिहून कळवली. चूक मान्य असल्याचं उत्तर आलं. ते पत्र माझ्या ट्रंकेत आहे. मॅट्रिक नापास अशा दुसऱ्या कुणाकडे असं पत्र असेल असं वाटत नाही.

तर त्या भाषेत मी एक एडिटर लिहिला. वर्तमानपत्राचा संपादक असतो तसला नव्हे. पडद्यावर मजकूर टाइप करायचा, खोडायचा, इकडचा तिकडे न्यायचा, त्याची ही सोय. पूर्वी एक शब्द चुकला तर अख्खं पान पुन्हा टाइप करावं लागे. माझ्या एडिटरची खोड अशी, की तो कधी पुरा होत नाही. वापरणाऱ्याला वाटलं, मला अमुक पाहिजे, तर त्यानं लिस्पमध्ये चार ओळी लिहायच्या आणि एका कळीला बांधायच्या. एडिटर बंद करायचं कारण नाही. चालू असतानाच ती कळ ते काम करायला लागते. माणसं राहत असताना घराला खोली काढावी तसं. आजपर्यंत अशी त्रेसष्ट कामं जोडली गेली. पैकी एकावन्न माझी.

आता मुद्द्याची गोष्ट. या कामांत जी जी वस्तू लागते ती एका नावाखाली ठेवावी लागते. नाव म्हणजे फडताळातला डबा समज. हाक मारली की आत असेल ते मिळतं. अडचण अशी, की फडताळ सगळ्यांचं एकच. एका नावाच्या डब्यात दोघांनी माल टाकला तर पहिल्याचा जातो, आणि यंत्र कुरकुरतसुद्धा नाही. डॉक्टर लोक ‘ओळ’, ‘पान’, ‘जागा’ असले इंग्रजी शब्द घेतात आणि एकमेकांचे डबे सांडतात. मी युक्ती काढली. मी गावाकडची नावं घेतली. ती दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणारच नाहीत. सगळा मजकूर राहतो तो ‘बया’ या नावाखाली. आईशिवाय एवढं कोण सांभाळणार? पडद्यावरचं बोट कुठं आहे ते ‘मनू’. आपली मनूआत्या एका जागी कधी बसली नाही. ‘राही’सुद्धा आहे. तुझ्या वहिनीचं नाव मी घरात घेत नाही, यंत्रात दिवसाला शंभरदा घेतो. ती म्हणते, “मग तितं तरी ऐकतंय का कोन?”

नाव घेण्याआधी नावांची वही बघायची आणि घेतलं की तिथल्या तिथं नोंदायचं, हा माझा नियम. सिग्नल्समध्ये लागलेली शिस्त आहे ती. वहीत दोनशे अकरा नावं झाली. माणसं संपली तेव्हा बैल घेतले.

एवढं असून गेल्या महिन्यात फॉल्ट झाला.

मिरजेची झुबेदा म्हणून मुलगी आमच्याकडे पीएच.डी. करते. तिनं प्रबंधातली नऊ पानं एका ठिकाणाहून कापली. दुसऱ्या ठिकाणी लावायची होती. लावण्याआधी तिथला परिच्छेद कडेनं सारखा करून घेतला (ती कळ मी जानेवारीत दिलेली), मग ‘लाव’ची कळ दाबली, मजकूर साठवला आणि जेवायला गेली. परत येऊन बघते तर नऊ पानांच्या जागी एक ओळ. तीही त्या परिच्छेदाचीच.

एडिटरचा एकशे चाळीस पानांचा प्रोग्रॅम कागदावर छापून घेतला आणि दोन दिवस ओळीओळीनं वाचला. तिसऱ्या दिवशी सापडलं. कापलेला मजकूर लावेपर्यंत ज्या डब्यात थांबतो, त्याच नावाचा डबा मी परिच्छेदाच्या कामात वापरला होता. दोन्ही ठिकाणी मीच. वही काढली. ते नाव वहीत नव्हतंच.

ते नाव शालू.

झुबेदा कागदावर वाकून बघत होती. म्हणाली, “हवालदारसाहेब, ही शालू कोन वो? माझी नऊ पानं गिळून बसलीया!”

मी म्हणालो, “कोणी नाही. गावाकडचं नाव आहे.”

आमचे डॉ. खांबेटे म्हणाले, दोन मिनिटांचं काम आहे, एका ठिकाणी नाव बदला. बदललं. परिच्छेदाच्या डब्याला आता ‘ज्ञानू’ म्हणतात. नऊ पानं झुबेदानं पुन्हा टाइप केली, मी शेजारी बसून तिच्या हस्तलिखितातून वाचून दाखवली. फॉल्ट रजिस्टरात कारण लिहिलं, ‘नामनोंदीत चूक’.

‘शालू’ जुन्या जागी आहे. वहीत दोनशे बाराव्या नंबरावर नोंदली. पण नाव हयात माणसाचं आहे, आणि न विचारता घेतलेलं आहे. तुझी हरकत असेल तर कळव, बदलून टाकीन. नसेल तर तसंही कळव. काम एवढंच.

मुलांना आशीर्वाद. ती आता केवढी झाली असतील याचा मला अंदाज नाही.

तुझा भाऊ,
कृष्णात


मु. कोरेवाडी
रविवार, ११ जून १९७८

चि. सौ. शालू हीस,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. घरात सगळं ठीक. उसाला दुसरी खुरपणी झाली.

तू लिहितेस, “दादा, हरकत नाही. पण वहीत गावचे बैल आले, आत्या आली, वहिनी आली. मी तेवढी कशी राहिले? मशीनचं कळलं. आता माणसाचं लिही.” गणिताच्या बाईनं नेमक्या चुकलेल्या पायरीवर बोट ठेवलं.

लिहितो. कापण्याचं काम मी शहात्तरच्या ऑक्टोबरमध्ये केलं. एका जागेवरून काढलेलं, पण अजून कुठंच न लावलेलं असं जे असतं, त्याला नाव पाहिजे होतं. हातानं ‘शालू’ लिहिलं. मी ते बघितलं. खोडलं नाही. नियमाप्रमाणे वही काढली, पेन उघडलं आणि परत मिटलं. तुझी वहिनी कधी कधी ती वही घेऊन बसते, मोठ्यानं नावं वाचते आणि हसते. हे नाव तिनं मोठ्यानं वाचलं असतं. आपल्या घरात ते कोणी घेत नाही, तुला ठाऊक असेल, नसेल तर आता झालं. मी स्वतःला सांगितलं, एकच तर नाव आहे, डोक्यात राहील. सव्वा वर्षानं परिच्छेदाच्या कामाला डबा पाहिजे होता. हातानं पुन्हा तेच लिहिलं. या खेपेला वही बघितली. वहीत नाही म्हणजे मोकळं आहे. माझ्या वहीवर माझा केवढा विश्वास!

आणखी एक. झुबेदाला मी “कोणी नाही” असं म्हणालो ते पत्रात लिहिताना नुसतं लिहून गेलो. दुसऱ्या दिवशी पुण्याला गेल्यावर तिला म्हटलं, शालू माझी धाकटी बहीण आहे, सांगलीला असते. ती म्हणाली, “आगं बया, मग मिरजंच्या शेजारीच की! कवा येते ती हिकडं?” मी म्हटलं, येत नाही. तिनं पुढं विचारलं नाही. हुशार मुलगी आहे.

नाव घ्यायचं कसं बंद झालं हे तुला मी सांगायला नको, पण क्रमानं लिहितो. सदुसष्टची भाऊबीज. मी रजेवर होतो. तू सांगलीहून आलीस. फाट्यावर उतरलीस तेव्हा बाळासो कोतवालानं तुला सांगितलं, की आपले वडील, नाना वारल्यावर जमिनीला वारस लागले त्यात तुझं नाव नाही. तू अंगणात मला विचारलंस. मी म्हणालो, आईनं सांगितलं तसं झालं. तू तशीच उंबऱ्यापर्यंत गेलीस. आई सोप्यात मेथी निवडत बसली होती. तू म्हणालीस, “आये, दादा म्हणतो तू सांगितलंस. खरं हाय?”

आई म्हणाली, “व्हय. मीच म्हनलं. तुला तिकडं काय कमी हाय?”

तू ओवाळणीचं ताट ओट्यावर ठेवलंस आणि आलेल्या गाडीनंच परत गेलीस. आई त्यानंतर सात वर्षं होती. तू तिला पत्र घातलं नाहीस. चौऱ्याहत्तर साली वाईच्या घाटावर दहाव्याला आलीस, लांब उभी राहिलीस आणि तिथूनच सांगलीची गाडी धरलीस. तुझी वहिनी तुझ्यामागं चार पावलं आली होती. मी तिला परत बोलावलं.

हे सगळं जसं झालं तसं लिहिलं आहे. उद्या तालुक्याला एक काम आहे, कागद शोधायचे आहेत, म्हणून इथं थांबतो.

दाजींना नमस्कार.

कृष्णात


मु. कोरेवाडी
रविवार, २ जुलै १९७८

शालू,

तुझं अंतर्देशीय मिळालं. आत एकच ओळ. “आई बोलली तेव्हा तू कुठं बघत होतास?”

खाली बघत होतो. बुटाची नाडी बांधत होतो. ती बांधलेलीच होती.

हे उत्तर लिहायला मला दोन आठवडे लागले. मधे जे घडलं ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय मी बहुतेक इथवर आलो नसतो.

डॉ. खांबेटे अधूनमधून फॉल्ट रजिस्टर तपासतात. माझ्या नोंदीवर त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं गोल केला आणि मला बोलावलं. “हवालदार, ‘नामनोंदीत चूक’ हे कारण नाही. हे झालं काय ते आहे. का झालं ते लिहा.”

मी म्हटलं, “साहेब, नजरचूक.”

“तुमची? दोनशे अकरा नावं नोंदलीत, एकाचं स्पेलिंग चुकलेलं नाही. मला नका सांगू.”

रजिस्टर घेऊन मी खोलीत बसलो. पाऊण तास गेला. मग लिहिलं, ‘नाव मला माहीत होते. ते मी मुद्दाम नोंदले नाही.’ खाली सही, हुद्दा, तारीख. त्यांनी वाचलं, खाली आपली सही केली.

ते वाक्य लिहून झालं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हेच वाक्य मी बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कागदावर द्यायला पाहिजे होतं.

सहासष्टच्या नोव्हेंबरमध्ये नाना गेले. मी जबलपूरहून दहा दिवसांची रजा काढून आलो. तेरावा झाला, रजा वाढवून घेतली, तिचे तीन दिवस उरले होते. चावडीत वारस लावायला गेलो. एकटाच. तलाठी भाऊसाहेबांनी विचारलं, “वारस कोन कोन?” मी म्हणालो, “आई आणि मी.” त्यांनी लेखणी थांबवली. “बहीन हाय न्हवं का सांगलीला?” मी म्हणालो, “तिचं लग्न झालंय. तिचं सोडा.” त्यांनी सोडलं. आई तिथं नव्हती. आईला कुणी विचारलंच नव्हतं. तिला आयुष्यात उतारा वाचता आला नाही.

का केलं, हे तू विचारशीलच. तुझी सही घ्यायची तर तुला सांगलीहून बोलवायला पाहिजे होतं, रजा संपत आली होती, हे खरं आहे. विहिरीवर त्याच वर्षी इंजिन बसलं होतं आणि पाच एकर पाच एकरच राहावी असं मला वाटलं, हेही खरं आहे. दुसरं लिहिल्याशिवाय पहिलं लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

भाऊबीजेला तू आईला विचारलंस, तेव्हा तिनं ती गोष्ट पहिल्यांदा ऐकली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी नाडी बांधत होतो. तेवढ्यात तिला सगळं कळलं. मग ती तुझ्याकडं वळली आणि “व्हय, मीच म्हनलं” असं म्हणाली. तू गेल्यावर मी म्हटलं, “आये, तू कशाला अंगावर घेतलंस?” ती मेथी निवडायची थांबली नाही. म्हणाली, “लेक गेली. आता ल्योक बी घालवू व्हय?”

पुन्हा हा विषय तिनं माझ्यापुढं काढला नाही. दर भाऊबीजेला एक पाट जास्त मांडायची आणि संध्याकाळी आपणच उचलून ठेवायची. मी रजेवर असलो तर ते बघायचो. मला वाटायचं, आज सांगू, पुढच्या रजेत सांगू. नंतर रजा काढायची गरज उरली नाही, घरीच आलो, तरी सांगितलं नाही. शेवटच्या आजारात ती तुझं नाव घेत होती. मी तुला तार केली ती आई गेल्यावर. आदल्या आठवड्यात केली असती तर तू आली असतीस, तिला विचारलं असतंस, आणि तिनं या वेळी कदाचित खरं सांगितलं असतं. म्हणून केली नाही.

हे मी तुझ्या वहिनीला मागच्या रविवारी सांगितलं. तिलाही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, “अकरा वर्सं मला त्या पोरीचं नाव घिऊ दिलं न्हाईसा, आन् कारन ह्ये व्हय?” दोन दिवस बोलली नाही. आता बोलते, कामापुरतं. घाटावरून तिला माघारी बोलावलं तेही तिनं काढलं. तिची बाजू बरोबर आहे.

बारा जूनला खंडाळ्याला गेलो होतो ते जुन्या फेरफाराची नक्कल काढायला. गेल्या सोमवारी तहसील कचेरीत अर्ज दिला. अर्जाची नक्कल सोबत जोडली आहे. त्यात तुला बघण्यासारखी ओळ चौथी. ‘सदर मयतास शालूबाई नावाची मुलगी वारस असल्याचे मला माहीत होते. ते मी मुद्दाम सांगितले नाही. माझ्या आईचा त्यात काही संबंध नव्हता.’ कारकून म्हणाला, एवढं कशाला लिहिता, नुसतं ‘नजरचुकीने राहिले’ लिहा, सगळे तसंच लिहितात. मी म्हटलं, असू दे.

सुनावणी सोमवार, १७ जुलै, सकाळी अकराला आहे. तुला नोटीस येईल. तुझा कुठलाही हक्क सोडायचा तो कागद नाही, घाबरू नको, दाजींना वाचायला दे. तू आलीस तर बरं. नाही आलीस तरी नोंद व्हायची राहणार नाही, मी नीट विचारून घेतलं आहे. विहिरीकडची बाजू घ्यायची की ओढ्याकडची, ते तू ठरव. कचेरीत गावचे लोक असतील. त्यांच्यासमोर विचारतील, आणि मी सांगेन.

माझ्याबद्दल तुला काय वाटायचं ते वाटू दे. मी त्यावर काही मागत नाही. पण अकरा वर्षं तू मनात एक वाक्य धरून बसली आहेस, ‘आईनं माझं नाव काढलं’. त्यातून आईला काढ. तिथं मला घाल. बाकीचं वाक्य जसं आहे तसं राहू दे, ते बरोबर आहे.

आशीर्वाद लिहिण्याची या वेळी हिंमत नाही.

“तिचं सोडा” म्हणणारा,
कृष्णात नाथाजी शेडगे